पोळा एका दिवसाचा, जनावर बारा महिन्यांचे

श्रावणातली अमावास्या जवळ आली की खानदेशातले औत-वखर थांबते. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळले जाते, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्याला रीतसर आवतण दिले जाते. मग तापी, गिरणा, पांझरा, बोरी, जिथे जे पाणी असेल तिथे बैल धुतले जातात. शिंगांना रंग लागतो, गळ्यात घुंगूरमाळा येतात, पाठीवर झूल चढते. गावात वाजतगाजत फिरून आलेला बैल दारात उभा राहिला की घरची लक्ष्मी त्याच्या पायांवर पाणी घालते आणि पुरणपोळीचा घास भरवते. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवापुढे माणसाने एक दिवस वाकावे, ही कल्पनाच मोठ्या मनाची आहे. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला पोळ्याचे कौतुक बाहेरच्या कोणी शिकवण्याची गरज नाही.

तरीही एक प्रश्न विचारायला हवा. पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी काय होते? झूल पेटीत जाते, बैल औताला जातो आणि त्याच्या प्रकृतीचा विषय पुढच्या श्रावणापर्यंत मिटतो. मध्ये तो आजारी पडला तर धावाधाव होते. पडला नाही तर तो बराच आहे, असे आपण धरून चालतो. शहरातल्या कुत्र्या-मांजरांचेही याहून वेगळे नाही. त्यांचे वाढदिवस साजरे होतात, फोटो निघतात. पण मागची लस कोणत्या महिन्यात टोचली, असे विचारले तर घरातली चार माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे साधे आहे. पाळलेल्या प्रत्येक जनावराच्या आरोग्याचा दरवर्षी एकदा हिशेब व्हावा, पुढच्या वर्षासाठी चार-पाच ठरीव उद्दिष्टे कागदावर लिहिली जावीत, आणि त्यासाठी वेगळा मुहूर्त शोधण्याची गरज नाही. तो आपल्या पंचांगात आहेच. जळगावचा व्यापारी दिवाळीत वहीपूजन करतो, कारण वही नसेल तर धंदा कुठे चालला आहे हे त्याला कळणार नाही. गोठ्यातल्या बैलजोडीत आणि दुभत्या म्हशीत आज लाखाच्या घरात पैसा अडकलेला असतो. त्या भांडवलाची मात्र एका पानाचीही वही नसते.

सणाच्या पोटातली तपासणी

थोडे बारकाईने पाहिले तर पोळा ही मुळात जनावराची वार्षिक तपासणीच होती, असे वाटू लागते. खांदमळणीच घ्या. जू जिथे टेकते त्या जागेवर हात फिरवल्याशिवाय तूप चोळता येत नाही. हात फिरला की खांदा आला आहे का, सूज आहे का, कातडी निबर होऊन आत पू धरला आहे का, हे बोटांना कळते. बैल नदीत उभा करून घासताना गोचिडी दिसतात, मांडीतल्या गाठी दिसतात, खुरांमधली जखम दिसते. नवी वेसण घालताना नाकपुडी पाहिली जाते. शिंगे साळताना आणि रंगवताना शिंगाचे बूड हाताला लागते. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो. शिंग एका बाजूला कलणे, बैलाने सारखी मान झटकणे, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण स्राव येणे ही त्याची लक्षणे आहेत. वेळेत ध्यानात आले तर शस्त्रक्रियेने बैल वाचू शकतो. म्हणजे डोक्यापासून खुरापर्यंत वर्षातून एकदा जनावर पाहून घेण्याची सगळी रीत सणात बसवलेली आहे. रीत आपण सांभाळली, पाहणे तेवढे सोडले. आता खांद्याला तुपाचे बोट लागते, फोटो निघतो आणि हात पुढच्या बैलाकडे जातो.

काही ठिकाणी तर कौतुकाचाच अपाय होतो. बैल, गाय, म्हैस ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पहिल्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव चाऱ्याचे पचन करत असतात. ज्याला रोज कडब्याची सवय आहे अशा बैलाला एकाच दिवशी घरोघरी पुरणपोळ्या, भिजवलेले गहू, ज्वारीचा घुगऱ्या-भरडा मिळाला की त्या पोटात आम्ल झपाट्याने वाढते. रवंथ थांबते, पोट फुगते, पातळ जुलाब लागतात, जनावर मान टाकते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर ते दगावते. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पशुवैद्यक दरवर्षी हे कळकळीने सांगत असतात. एक घास नैवेद्याचा द्यावा आणि बाकी ताट दादरच्या कडब्याचे किंवा हिरव्या चाऱ्याचे असावे, एवढेच त्यांचे म्हणणे असते. शिंगांना भिंतीचा नाहीतर लोखंडाचा तैलरंग फासू नये, हेही त्यातच येते. देवाला जे चालते ते आपण विचारतो. मग बैलाला काय पचते हे का विचारू नये?

चिनावलने दिलेला धडा

वर्षभर दुर्लक्ष आणि संकटात धावपळ, या सवयीची किंमत काय असते ते खानदेशाने नुकतेच पाहिले आहे. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची जी मोठी साथ आली, तिची पहिली नोंद ४ ऑगस्ट रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावल या गावी झाली. केळीच्या पट्ट्यातले हे गाव एका महिन्यात राज्यभर माहीत झाले. अंगभर गाठी, ताप, पायांना सूज, खाणे बंद. रोगाचा विषाणू देवीच्या कुळातला. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. माणसाला तो होत नाही, पण हे कळेपर्यंत कित्येक घरांनी दूध पिणे बंद केले होते. त्याच ऑगस्टच्या अखेरीस पोळा आला. एरवी ज्या दिवशी गावातले सगळे बैल एकत्र येतात, त्या दिवशी त्यांना एकमेकांपासून दूर कसे ठेवायचे याची चिंता शेतकऱ्यांना करावी लागली. सप्टेंबरमध्ये सारे राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. गुरांचे बाजार, जत्रा, शर्यती, वाहतूक, सगळ्यावर बंधने आली. दगावलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये भरपाई शासनाने ठरवली. ज्याची ऐन रब्बीच्या तोंडावर जोडी फुटली, त्याला २५ हजारांत तशी दुसरी जोडी मिळणे शक्य नव्हते.

या साथीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २०१९च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख होती. शेळ्यांच्या देवीवरची लस या रोगाला चालते असे दिसल्यावर ती मागवली गेली, आणि काही आठवड्यांतच त्यातल्या बहुतेक जनावरांना विनामूल्य टोचून झाली. पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक, पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी, खासगी सेवादाते असे सगळे गोठोगोठी फिरले. मनावर घेतले तर राज्यातले जवळपास प्रत्येक जनावर एका हंगामात गाठता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. पण पुढे काय झाले? साथ ओसरली, भीती ओसरली. लसीची प्रतिकारशक्ती कायमची नसते, दरवर्षी ती टोचावी लागते, हा भाग मागे पडला. २०२३च्या पावसाळ्यात रोग पुन्हा दिसू लागला आणि या वेळी लहान वासरांना त्याचा त्रास अधिक झाला. आदल्या वर्षीच्या मोहिमेनंतर जन्मलेल्या वासरांना ती लस मिळालेलीच नव्हती. गोठ्यात नवा जीव आला की त्याच्या नावाचे पान उघडायचे, एवढी सवय असती तर ही वासरे नजरेतून सुटली नसती.

नेमाने काम केले तर किती मोठे फळ मिळते याचा दाखला जुना आहे. बुळकांडी हा शब्द आज तिशीतल्या शेतकऱ्याला ठाऊक नसेल. त्याच्या आजोबांना विचारा. गावेच्या गावे या रोगाने ओस पडत आणि पुढचे वर्ष माणसे जुवाला खांदा लावत. जनावरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी देशातली पहिली प्रयोगशाळा १८८९ साली आपल्याच पुण्यात निघाली आणि पुढे मुक्तेश्वरला गेली, तिच्यामागे मुख्य धास्ती बुळकांडीची होती. १९५४ पासून देशात तिच्याविरुद्ध पद्धतशीर मोहीम चालली. या वर्षी इतकी जनावरे, पुढच्या वर्षी तितकी, असे करत करत १९९५ मध्ये शेवटचा रुग्ण आढळला. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. कोणा एका वर्षाच्या शौर्याने हे झाले नाही. दरवर्षी ठरवलेले दरवर्षी पुरे केले म्हणून झाले.

वहीत काय लिहावे

उद्दिष्टे म्हटली की पुष्कळांना सरकारी योजनेची आठवण होते. इथे तसे काही अभिप्रेत नाही. शाळेच्या वहीचे एक पान एका जनावराला द्यावे. वर त्याचे नाव, वय, आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक. हा बिल्ला अनेकांना सरकारी कटकट वाटतो. पण १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि लसीकरणाची शासकीय नोंदही त्याच क्रमांकावर होते. तेव्हा पानाची सुरुवात तिथूनच व्हावी.

पहिले उद्दिष्ट लसींचे. खानदेशात रोहिणी-मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्यात, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी होऊन जायला हव्यात, कारण हे दोन्ही रोग पहिल्या पावसाबरोबर येतात आणि उपचाराला वेळच देत नाहीत. शेळ्या-मेंढ्यांना याच सुमारास आंत्रविषाराची लस लागते. साक्री-शिरपूरकडून कळप घेऊन फिरणाऱ्या ठेलारी बांधवांना तर हे वेळापत्रक वाटेवरच सांभाळावे लागते. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांच्या अंतराने वर्षातून दोनदा. तिचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला असून ही लस विनामूल्य मिळते. लाळ्याने जनावर सहसा मरत नाही, म्हणून शेतकरी तो मनावर घेत नाही. पण लाळ्या होऊन गेलेला बैल पुढे उन्हात धापा टाकतो, म्हशीचे दूध पूर्वीच्या मापावर येत नाही, हा तोटा वर्षानुवर्षे चालू राहतो. कालवडीला आणि पारडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच टोचायची सांसर्गिक गर्भपाताची लस ही घरातल्या माणसांसाठीही महत्त्वाची आहे, कारण तो रोग कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावराची वार काढताना माणसाला जडतो.

दुसरे उद्दिष्ट जंतांचे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, पशुवैद्यकाला विचारून, वजनाच्या मापात औषध. वजन कसे कळणार? काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत घ्यावा. खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. येईल ते अंदाजे किलो. घेर ६६ इंच आणि लांबी ५५ इंच असेल तर बैल सुमारे ३६३ किलोचा. हा आकडा पोळ्याला एकदा आणि आखाजीला एकदा लिहिला, की उन्हाळ्याने जनावराचे काय केले ते कोणालाही न विचारता समजते. दृष्टीचा भरवसा धरू नये. रोज पाहिलेले जनावर वाळलेले दिसत नाही.

तिसरे उद्दिष्ट उन्हाळ्याचे, आणि खानदेशात ते सर्वांत मोठे आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. दुभत्या गाईला त्या दिवसांत साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागते. आपण सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या दाखवून समाधान मानतो. संकरित गाय ही थंड मुलुखातल्या रक्ताची; तिला पत्र्याच्या गोठ्यात दुपारी बांधणे म्हणजे भट्टीत बांधणे. म्हशीच्या काळ्या कातडीला ऊन अधिक झोंबते आणि तिला घामही कमी येतो. या वर्षी पत्र्यावर पऱ्हाट्यांचा थर टाकीन, गोठ्याच्या पश्चिमेला दोन निंब लावीन, सावलीत पाण्याची एक कायमची टाकी बांधीन, अशी उद्दिष्टे लिहायला काय हरकत आहे? त्यांना औषधापेक्षा कमी पैसा लागतो.

चौथे उद्दिष्ट चाऱ्याचे. खानदेशात सरकी ढेप आहे, डाळ गिरण्यांची चुनी आहे, केळीच्या पट्ट्यात केळीचा पाला आहे. पण ढेप महागली की कमी आणि स्वस्त झाली की जास्त, असा आहार कोणत्याच पोटाला मानवत नाही. कपाशीवर फवारलेल्या औषधाचे डबे आणि पंप गोठ्यापासून दूर ठेवणे, कापणीनंतर खोडांना फुटलेले ज्वारीचे कोवळे पोंगे जनावरांना खाऊ न देणे, उकिरड्यावर प्लास्टिकच्या पिशव्या न टाकणे, हेही चाऱ्याच्याच सदरात लिहावे.

‘आमच्या आजोबांनी कुठे वही ठेवली होती?’ असा आक्षेप येईल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तरही आहे. आजोबा बैलाबरोबर उठत आणि त्याच्या शेजारी निजत. त्यांची वही त्यांच्या डोक्यात होती. आज मालक जळगावात किंवा धुळ्यात राहतो, गोठा सालदाराच्या हाती असतो. आखाजीला साल संपते, सालदार बदलतो आणि कोणत्या गाईला कोणते औषध बाधले, कोणता बैल डाव्या पायाने धरतो, ही सगळी माहिती त्याच्याबरोबर निघून जाते. नव्या सालदाराला जमीन, अवजारे, बी-बियाणे सगळे दाखवले जाते. जनावराचा इतिहास सांगायला कोणी नसतो. वही हवी ती यासाठी. त्या वहीत सालदाराचाही हात असावा, कारण जनावराला सर्वांत आधी तोच ओळखतो.

ज्याला पंचांगात दिवस नाही

बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, घोड्यांसाठी दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. कुत्र्याला मात्र आपल्या पंचांगात दिवस नाही. दत्ताच्या पायाशी तो आहे, खंडोबाच्या संगतीत तो आहे, पण त्याच्या नावाने आपण एकही तिथी राखलेली नाही. नेपाळात दिवाळीच्या दिवसांत कुत्र्याला हार घालतात. आपल्याकडे त्याची गरज आणखी वेगळ्या कारणासाठी आहे. ते कारण म्हणजे पिसाळ रोग. एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग माणसाला जवळजवळ कधीच सोडत नाही, आणि तरी तो पूर्णपणे टाळता येतो. कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात पहिली लस, नंतर पशुवैद्यक सांगेल तेव्हा पूरक मात्रा आणि मग दरवर्षी एक. लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, हा जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. २०२१ साली त्याच दिवशी केंद्र सरकारने २०३०पर्यंत कुत्र्यांपासून होणारा हा रोग हद्दपार करण्याचा कृती आराखडा जाहीर केला. त्यात सांगितलेली गोष्ट सोपी आहे: गावातल्या शंभरांपैकी किमान सत्तर कुत्र्यांना लस टोचली, तर रोगाची साखळी तुटते. घरच्या कुत्र्याची लस हा शेजारच्या मुलांच्या जिवाशी जोडलेला विषय आहे. गल्लीतली जी कुत्री कोणाचीच नाहीत आणि सगळ्यांची आहेत, त्यांच्यासाठी नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांच्याकडे हट्ट धरणे हेही त्या वहीतले एक उद्दिष्ट असू शकते. कुत्रे चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांत वेळ घालवू नये.

शहरातल्या कुत्र्यांच्या प्रकृतीचे आणखी एक दुखणे खास आपल्या भागातले आहे. बर्फात गाडी ओढणारे, अंगावर दुहेरी केसांचे कुत्रे विकत घ्यायचे आणि भुसावळच्या मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर ठेवायचे, ही हौस वाढते आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापणे हाच त्याचा मुख्य उपाय. चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट साधत नाही. अशा प्राण्याला भर दुपारी डांबरी रस्त्यावरून फिरवणे हे लाडाच्या नावाखाली केलेले हाल आहेत. आपला उलटा हात रस्त्यावर पाच-सात क्षण ठेवून पाहावा. तो टेकवत नसेल तर कुत्र्याचे तळवेही टेकणार नाहीत. फिरणे पहाटे असावे. आणि पुढचे जनावर आणताना आपल्या हवेत रमणारे देशी कुत्रे आणावे, हे तर या भागातले पहिले उद्दिष्ट व्हावे.

दुसरे दुखणे ताटातले. चहात बुडवलेले बिस्कीट, लग्नातली जिलेबी, शेवभाजीच्या रश्श्यात भिजवलेली पोळी हे सगळे प्रेमानेच दिले जाते. पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधक आहे, गोडाने आणि तेलकटाने तो फुगत जातो आणि मग सांधे, हृदय, दात सगळे एकामागून एक कुरकुरू लागतात. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना मोजता येऊ नयेत, ही वजनाची सोपी खूण. पावसाळ्यात गोचिडी वेचणे आणि त्यांच्यावर औषध लावणे, कारण गोचिडीचा ताप आपल्याकडे कुत्र्यांचा मोठा वैरी आहे. वर्षातून एकदा दात, कान आणि डोळे पशुवैद्यकाला दाखवणे. सात वर्षांपुढच्या कुत्र्याला वर्षातून दोनदा. एवढे लिहून ठेवले की पान भरते.

खर्चाचा आणि म्हातारपणाचा प्रश्न

हे सगळे सांगणे सोपे, करणारा गावात कुठे आहे, असे शेतकरी विचारील. त्याचे खरे आहे. पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, असे राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ सालीच सांगून ठेवले आहे. आपल्या तालुक्यांतल्या दवाखान्यांची कुलपे पाहिली की ती शिफारस अजून कागदावरच आहे हे समजायला आकडेवारी लागत नाही. फिरत्या दवाखान्यांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आला, ही सोय झाली. पण हाकेला धावून येणारी गाडी आणि ठरल्या दिवशी येणारा पशुवैद्यक यांत फरक आहे. रोग टाळण्याचे काम दुसऱ्याच्याच हातून होते. ग्रामसभेत रस्ता, गटार, पाणी यांवर बोलणाऱ्या गावाने, आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हा प्रश्न दरवर्षी एकदा तरी विचारला पाहिजे. गावातल्या साठ-सत्तर गोठ्यांच्या वह्या पुढे ठेवून तो विचारला, तर उत्तर टाळणे अवघड जाईल.

शेवटी, ज्या गोष्टीवर पोळ्याच्या दिवशी कोणी बोलत नाही ती. बैल म्हातारा होतो. गाय भाकड होते. २०१५ सालच्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचीही कत्तल करता येत नाही. त्या कायद्यावर मते काहीही असोत, त्याचा हिशेब गोठ्यात करावा लागतो. न राबणारा बैल आणखी चार-पाच वर्षे जगेल, त्याला वैरण लागेल, त्याचे खुर आणि दात कुरकुरतील. कोरडवाहू शेतकऱ्याने हे ओझे एकट्याने वाहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि त्या बैलाला रात्री रस्त्यावर सोडून येणे हाही अन्यायच आहे. चिनावलच्या साथीच्या काळात मोकाट जनावरांना लस टोचायला धरायचे कोणी, हा प्रश्न यातूनच आला होता. म्हणून वहीच्या शेवटच्या ओळीत, या जनावराचे म्हातारपण कुठे आणि कशावर जाणार, हेही लिहिले जावे. कदाचित उत्तर सापडणार नाही. निदान प्रश्न टाळला तरी जाणार नाही.

ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या. खानदेशातल्या कित्येक घरांत आता मातीच्या बैलांची पूजा होते. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, काळ बदलतो. पण ज्या घरात मातीचा बैल पाटावर आहे, त्याच घरात बहुधा एखादे जिवंत कुत्रे पायरीवर, एखादी शेळी परसात किंवा एखादे मांजर खिडकीत असते. येत्या पोळ्याला पाटावरच्या बैलाला हळद-कुंकू वाहून झाले, की त्या जिवंत जिवाचेही एक पान उघडावे. त्यावर लसीचा महिना, जंताच्या औषधाची तारीख, वजन आणि उन्हाळ्याची सोय एवढेच लिहावे. पुढच्या श्रावणात ते पान पुन्हा वाचावे आणि किती झाले, किती राहिले, ते घरातल्या मुलांसमोर मोजावे. पूजा कशी करायची हे मुले आपल्याकडे पाहून शिकतातच. जबाबदारी कशी घ्यायची हे शिकण्यासाठीही त्यांना कुठेतरी पाहायला मिळाले पाहिजे.